हळदीची हुंडी

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग सुमारे तीस किलोमीटरवर बुटीबोरीस पोचतो आणि तेथे त्याला फाटा फुटतो. एक वाट जाम, हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाते. दुसरी वर्धा, यवतमाळमार्गे तुळजापूरकडे वळते. या फाट्यालगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची विस्तीर्ण वसाहत वसली आणि तिच्या आश्रयाने किराणा, हार्डवेअर, वाहतूक, औषधे अशा व्यवसायांतील कुटुंबे येथे स्थिरावली. अशा गावातील व्यापाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. मालाचा दर्जा हा व्यवहाराचा अर्धा भाग असतो. तो माल न भिजता, न फुटता, योग्य पत्त्यावर पोचणे हा उरलेला अर्धा. गोदामात कुजलेला उत्तम माल आणि वाटेत हरवलेला उत्तम माल, दोन्ही खातेवहीत एकाच बाजूला लिहावे लागतात.

लठ्ठपणावर वनस्पतींतून औषध शोधणारे शास्त्रज्ञ आज याच अडचणीपाशी उभे आहेत. हळद, दारुहळद, हिरवा चहा, द्राक्षाची साल, संत्र्याची साल यांत चरबीच्या पेशींवर आणि साखरेच्या पचनावर परिणाम करणारी द्रव्ये सापडली आहेत. प्रयोगशाळेतील काचपात्रात ती आश्चर्यकारक काम करतात. माणसाच्या पोटात गेली की मात्र त्यांतील बहुतेक द्रव्ये वाटेतच संपतात. म्हणून आता संशोधनाचा भर नव्या मालापेक्षा नव्या वाहनावर आहे. त्या वाहनाचे नाव नॅनो तंत्रज्ञान.

बुटीबोरीतील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या पेढीवर हा विषय दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात एका विक्री प्रतिनिधीच्या पिशवीतून आला. ‘संपूर्ण वनस्पतिजन्य, नॅनो कर्क्युमिन’ असे छापलेला डबा, ‘९० दिवसांत १२ किलो’ असे आश्वासन, दोन तालुक्यांची एजन्सी, तीन लाखांची अनामत आणि चाळीस टक्के नफा, असा तो प्रस्ताव होता. किराण्याच्या घाऊक व्यापारात दोन-तीन टक्क्यांवर वर्ष काढणाऱ्याला चाळीस हा आकडा सहज विसरता येत नाही. शिवाय एक डबा नमुना म्हणून फुकट मिळणार होता, आणि त्याची गरज त्या गृहस्थांना स्वतःलाच होती. वय ५२, वजन ९१ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. सकाळी नऊ ते रात्री नऊ गादीवर बैठक. करारावर सही करण्यापूर्वी त्यांनी एवढेच केले, की नागपुरात औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या पुतणीला रविवारी घरी बोलावले. तिच्या प्रकल्पाचा विषय हळदीतील द्रव्यासाठी स्निग्ध पदार्थांचे नॅनोकण तयार करणे हाच होता.

घेर कशासाठी मोजायचा?

पुतणीने डबा बाजूला ठेवला आणि प्रथम मोजपट्टी मागितली. “काकाजी, वजनापेक्षा हा आकडा वाईट आहे,” ती म्हणाली.

तिच्या बोलण्यामागे महाराष्ट्रातच झालेले मोठे काम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच दोन छायाचित्रे आणि मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीय देह बारीक दिसतानाही चरबी साठवतो, आणि ती पोटात, यकृताभोवती साठवतो. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांकाची मर्यादा २५ वरून २३ वर आणली गेली आणि कमरेच्या घेराची सीमा पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटर ठरली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे आणि सुमारे चाळीस टक्के प्रौढांत पोटाचा लठ्ठपणा असल्याचे आढळले.

हा रोग भारताला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूल मनुष्याची कारणे मोजून सांगितली आहेत. अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांबरोबर तेथे ‘बीजस्वभाव’, म्हणजे वंशपरंपराही नोंदलेली आहे. त्यामुळे लठ्ठ माणसाला केवळ जिभेचा गुलाम ठरवणे हे प्राचीन वैद्यकालाही मान्य नव्हते.

माल चांगला, पोच नाही

बुटीबोरीहून जामच्या दिशेने गेल्यास वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुका लागतो. तेथील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा पिवळा रंग व औषधी गुण ज्या कर्क्युमिनमुळे येतो, त्याचे प्रमाण वायगावच्या हळदीत सहा टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते. बाजारातील सामान्य हळदीत ते सुमारे तीन टक्के असते. दारातल्या मालाचा दर्जा असा अव्वल आहे.

परंतु पोटात गेलेल्या कर्क्युमिनचा हिशेब निराशाजनक आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्याच्या भिंतीपर्यंत जे पोचते, त्यावर आतडे आणि यकृत लगेच रासायनिक प्रक्रिया करून ते शरीराबाहेर धाडतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजून दाखवले. निरोगी माणसांना एकदम दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले, तरी रक्तात ते नाममात्र सापडले. त्याबरोबर मिऱ्यातील पिपरीन हे द्रव्य केवळ वीस मिलिग्रॅम दिले, तेव्हा शोषण सुमारे वीस पटींनी वाढले, कारण पिपरीन यकृताच्या त्या प्रक्रियेला काही काळ अडवते.

व्यापाऱ्याने तेथेच कागद ओढून आकडेमोड केली. एक चमचा हळद म्हणजे सुमारे तीन ग्रॅम. वायगावची असली तरी तीत कर्क्युमिन १८० मिलिग्रॅम. दोन ग्रॅमसाठी अकरा चमचे, आणि सामान्य हळद असेल तर बावीस. “एवढी हळद घातलेलं वरण तुमच्या काकूही खाणार नाहीत,” ते म्हणाले. फोडणीतील तेल आणि मिरे यांमुळे रोजच्या हळदीचे शोषण थोडे वाढते, हे खरे आहे. स्वयंपाकघरातील ती परंपरा चवीची आणि आरोग्याची आहे. वजन उतरवणारी मात्रा तीत शोधणे व्यर्थ आहे.

येथे एका अभिमानास्पद लढ्याचे स्मरण होते. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. हळदीचा तो उपयोग भारताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, एवढे त्यातून सिद्ध झाले. हळद प्रत्येक रोगावर चालते, असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही. अभिमानाच्या पावतीवर औषधाचा दावा वसूल होत नाही.

अब्जांश मीटरची गाडी

नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. पदार्थ इतका बारीक केल्याने काय साधते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीचा ठोकळा घेतला, तर त्याचे एकूण पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे टपाल तिकिटाएवढे. तोच ठोकळा एक नॅनोमीटरच्या कणांत कापला, तर वजन तेच राहून पृष्ठफळ सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होते. पाण्यात न विरघळणाऱ्या द्रव्याला विरघळण्यासाठी अचानक दीड एकराचे अंगण मिळते.

दुसरी युक्ती वेष्टनाची आहे. द्रव्याला स्निग्ध थरात, सोयाबीनच्या लेसिथिनमध्ये किंवा सूक्ष्म तैलबिंदूत गुंडाळले, की जठरातील आम्लापासून त्याचा बचाव होतो. काही स्निग्ध कण आतड्यातून थेट लसिकावाहिन्यांत शिरतात आणि यकृताचा पहिला जकातनाका चुकवतात. जपानमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा सूक्ष्मकण कर्क्युमिनचे रक्तातील प्रमाण साध्या भुकटीच्या सुमारे सत्तावीस पट भरले. वेष्टनावर विशिष्ट पेशी ओळखणारा रेणू बसवला, तर कण चरबीच्या ऊतींकडेच जावेत, असाही प्रयत्न चालू आहे. द्राक्षातील रेस्व्हेराट्रॉल अशा कणांतून दिल्यास साठवणीची पांढरी चरबी उष्णता जाळणाऱ्या तपकिरी चरबीसारखी वागू लागते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

ही विद्या परदेशातच आहे असे नाही. अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांनी वनस्पती आणि बुरशी यांच्या साहाय्याने नॅनोकण घडवण्याचे काम दीर्घकाळ केले. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत डॉ. वंदना पत्रावळे यांचे औषधवाहक नॅनोकणांवरील संशोधन सर्वपरिचित आहे. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली.

हुंडी सकारली गेली का?

हुंडीच्या व्यवहारात कागदावरील अक्षर कितीही सुंदर असो, समोरच्या गावी ती सकारली गेली तरच तिला मोल. औषधाच्या बाबतीत ‘रक्तात सत्तावीस पट’ ही केवळ पोच आहे. शरीराने त्या बदल्यात रोकड मोजली का, हे माणसांवरील चाचणीतच कळते.

तेहरानमधील संशोधकांनी २०१९ मध्ये अशी चाचणी प्रसिद्ध केली. यकृतात चरबी साठलेल्या ८४ स्थूल व्यक्तींपैकी निम्म्यांना तीन महिने रोज ८० मिलिग्रॅम नॅनो कर्क्युमिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय कुपी. औषध घेणाऱ्या गटात रक्तातील साखर, चरबी, यकृताची सूज आणि कमरेचा घेर यांत सुधारणा दिसली. वजनात आणि निर्देशांकात मात्र दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. ही चाचणी लहान असली, तरी तिच्यातील सुधारणा दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण ‘९० दिवसांत १२ किलो’ हे वाक्य तिच्यातून निघत नाही. कर्क्युमिनवरील संशोधनाचा २०१७ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेला आढावा तर अधिक कठोर आहे. शंभराहून अधिक चाचण्या होऊनही काटेकोर दुहेरी-अंध पद्धतीच्या चाचणीत त्याचे निर्विवाद यश दिसलेले नाही, असे तो सांगतो.

तुलनेसाठी दुसरा आकडा पाहावा. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी जवळजवळ दोन हजार व्यक्तींवर झाली. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १५ टक्क्यांनी उतरले, निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांचे सव्वादोन ते अडीच टक्क्यांनी. वजनासाठीची अशी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. ती महाग आहेत, त्यांना मळमळीसारखे दुष्परिणाम आहेत, थांबवल्यावर वजन परत चढते आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. त्यांची शिफारस हा येथे हेतू नाही. सिद्ध आणि असिद्ध यांतील अंतर किती असते, हे त्या दोन आकड्यांत दिसते.

वनस्पतीतून खरे औषध कधीच निघत नाही, असाही याचा अर्थ नाही. मधुमेहाच्या असंख्य रुग्णांच्या रोजच्या गोळीतील मेटफॉर्मिन हे द्रव्य गॅलेगा या युरोपीय वनस्पतीच्या अभ्यासातून पुढे आले. त्या वनस्पतीतील मूळ द्रव्य साखर उतरवत होते, पण विषारी होते. त्याच जातीचे मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत १९२२ मध्ये तयार झाले आणि पॅरिसचे डॉ. जीन स्टर्न यांनी रुग्णांवरील उपयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. पस्तीस वर्षांची ही मुदतठेव होती.

गुग्गुळाची कथा याच्या उलट गेली. आयुर्वेदातील मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ मध्ये गुग्गुळावर प्रबंध लिहिला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावर पुढे काम केले आणि १९८०च्या दशकात त्याचे औषध बाजारात आले. २००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत मात्र अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित वाढलेले आढळले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. दरम्यान राजस्थान व कच्छच्या रानातील गुग्गुळाचे झाड डिंकासाठी खोल चिरा पाडून इतके ओरबाडले गेले, की आज ते अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दात कोणाचीच हानी नाही, असे गृहीत धरणाऱ्यांनी हे झाड आठवावे.

जकातनाका चुकवल्याची किंमत

शरीर एखादे द्रव्य परत पाठवते, त्यामागे त्याचा स्वतःचा हिशेब असतो. तो नाका चुकवला, तर लाभाबरोबर धोकाही आत येतो. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या अनेक नोंदी झाल्या. अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतील काहींच्या गोळ्यांत शोषण वाढवणारे मिरेही होते आणि एका रुग्णाचा मृत्यू झाला. हिरव्या चहाच्या अर्काबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला, की त्यातील मुख्य द्रव्य पूरक स्वरूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात. जेवणातील हळद आणि पेल्यातील चहा यांना हे लागू नाही. अर्क आणि वाढवलेले शोषण यांना आहे. पिपरीन तर इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलू शकते, म्हणून ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी अधिकच सावध राहावे.

हा भाग सांगताना पुतणीचा आवाज बदलला. तिचे वडील, म्हणजे त्या व्यापाऱ्याचे थोरले बंधू, याच पेढीवर बसत. मधुमेहाचे निदान झाल्यावर त्यांनी काही महिने डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. मग कोणीतरी ‘नैसर्गिक’ चूर्णाची खात्री दिली आणि गोळ्या बंद झाल्या. चूर्ण निरुपद्रवी असेलही. त्या चूर्णाच्या विश्वासावर गेलेली तीन वर्षे निरुपद्रवी नव्हती. वयाच्या ५८व्या वर्षी पहाटे हृदयविकाराने ते गेले.

“बाबांना त्या चूर्णानं मारलं नाही, काकाजी,” ती म्हणाली. “पण त्या डब्यामुळं त्यांना वाटत राहिलं, की आपलं औषध चालू आहे.”

घरात कोणी काही बोलले नाही. लठ्ठपणावरील अप्रमाणित उत्पादनाचा मोठा तोटा डब्यावर छापलेल्या किमतीत दिसत नाही. तो वाया गेलेल्या काळात असतो.

वेष्टनात काय आहे?

यानंतर काकूंनी विचारलेला प्रश्न समाजातील प्रत्येक घराला पडावा असा होता. “हळद आपली, पण ही कुपी कशाची?”

औषधांच्या कुप्या पुष्कळदा जिलेटिनच्या असतात आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. नॅनोकणांसाठी वापरले जाणारे कायटोसान हे द्रव्य बहुधा कोळंबी व खेकड्यांच्या कवचांतून काढतात. लेसिथिन सोयाबीनचे असते तसे अंड्याच्या बलकाचेही असते. म्हणजे आतला माल शंभर टक्के वनस्पतिजन्य असूनही त्याचे वाहन तसे असेलच, असे नाही. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर हिरवे शाकाहारी चिन्ह पाहता येते. औषध म्हणून नोंदलेल्या उत्पादनावर असे चिन्ह छापण्याचे बंधन नाही. तेथे उत्पादकाला लेखी विचारावे लागते.

यातच विदर्भासाठी एक संधी दडलेली आहे. वायगावची हळद, विदर्भातील सोयाबीनपासून काढलेले लेसिथिन आणि कापसाच्या सरकीवरील तंतूंच्या सेल्युलोजपासून बनणारी शाकाहारी कुपी, असा संपूर्ण वनस्पतिजन्य नॅनो औषधाचा कच्चा माल बुटीबोरीच्या आसपासच पिकतो. संत्र्याच्या सालीतील हेस्पेरिडिन, नोबिलेटिन अशा द्रव्यांवरही जगात अभ्यास चालू आहे, आणि सालीचे ढीग नागपूरला नवे नाहीत. चाचण्यांतील प्राणिहिंसेचा प्रश्नही आता पूर्वीइतका बंदिस्त राहिलेला नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी मानवी पेशी व तत्सम पर्यायी पद्धतींना मान्यता दिली. समाजातील उद्योजकांनी भांडवल गुंतवावे असे हे क्षेत्र आहे. मात्र गुंतवणूक संशोधनात व्हावी, छापील आश्वासनात नव्हे.

चार प्रश्न

पुतणीच्या मदतीने व्यापाऱ्याने प्रतिनिधीला पत्र लिहिले. त्यात चारच प्रश्न होते. हे उत्पादन औषध म्हणून नोंदलेले आहे की अन्नपूरक म्हणून? कणांचा आकार कोणत्या प्रयोगशाळेने मोजला, त्याचा अहवाल मिळेल काय? याच उत्पादनाची माणसांवर चाचणी झाली असल्यास ती कोठे प्रसिद्ध झाली? कुपी आणि कणांचे वेष्टन कशाचे आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डब्यावरच बारीक अक्षरांत होते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही ओळ. म्हणजे समोर बारा किलोचे आश्वासन आणि मागे त्याचा इन्कार. १९५४च्या औषधे व जादूई उपाय कायद्याच्या अनुसूचीत ज्या रोगांवर उपचाराची जाहिरात निषिद्ध आहे, त्यांत लठ्ठपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तो डबा फलकासह दुकानात मांडणारा एजंटही त्या जाहिरातीचा भागीदार ठरू शकतो.

उरलेल्या तीन प्रश्नांना आठवडाभराने दूरध्वनीवरून उत्तर आले: नफा पंचेचाळीस टक्के करता येईल. व्यापाऱ्याने एजन्सी नाकारली. पंचेचाळीस टक्के ज्याला द्यावे लागतात, त्या मालाची पत काय असेल, हे ओळखायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही.

नाकारल्यानंतर प्रश्न उरला तो १०४ सेंटिमीटरचा. डॉक्टरांकडे तपासणी झाली, तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. उपाय नवा नव्हता. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरातील जुना नियम दुकानामुळे मोडला होता, तो पुन्हा सुरू झाला. येथेही स्वतःची फसवणूक टाळणे आवश्यक आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उष्मांक कमी करणाऱ्यांनी केवळ दिवसा ठरावीक वेळेत खाल्ल्याने वेगळा लक्षणीय लाभ झाला नाही. लाभ झाला तो एकूण खाणे कमी केल्याने. सूर्यास्तापूर्वी पोटभर फरसाण आणि मिठाई खाऊन वजन उतरत नाही. धर्मात ऊणोदरीला, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याला, तपाचे स्थान दिले आहे. तिचा उद्देश आत्मशुद्धी आहे, वजन नव्हे. तरीही तिचे पालन करणाऱ्याच्या ताटात एकूण खाणे कमी होते, एवढे खरे. पोळीवरील तुपाची धार आटली, डाळीचे व भाजीचे प्रमाण वाढले, आणि गादीवरची बैठक दर तासाला मोडून गोदामाला फेरी घालण्याचा नियम झाला.

पाच महिन्यांनी वजन ९१ वरून ८६ वर आले आणि घेर ९८ झाला. ९० ची सीमा अजून दूर आहे. बारा किलोंच्या आश्वासनापुढे पाच किलो थोडे वाटतात, पण ते जमा बाजूला आहेत.

पुतणीचा प्रकल्प चालू आहे. अंड्याचे लेसिथिन वगळून तिने सोयाबीनचे घेतले आहे. कणांचा आकार अद्याप स्थिर राहत नाही, आठ दिवसांत ते एकमेकांना चिकटून मोठे होतात. मध्यंतरी ती घरी आली असता काकांनी विचारले, “तुझी एजन्सी केव्हा देतेस?”

“अजून काचेतल्या पेशींपर्यंतच पोचलंय, काकाजी. पुढं पोचलं, तर आधी तुम्हालाच अहवाल दाखवीन.”

“अहवाल वाचूनच सही करीन,” ते म्हणाले आणि गोदामाच्या फेरीला उठले.